बाळीवेशीतली बिनपाटीची खानावळ

सोलापुरात बाळीवेशीत, मल्लिकार्जुनाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर एका बोळात ही खानावळ आहे. पाटी नाही. बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की परातीत भाकरी थापल्याचा आवाज येतो, त्या आवाजामागे चालत जायचं. उंबऱ्यात पाय ठेवला की आतून हाक येते, "बर्री, कूडरी." या, बसा. एकवीस वर्षं मी ही हाक ऐकतेय आणि अजूनही ती ऐकली की पोटात भूक उभी राहते.

मी पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात गरजेपुरती कन्नड, असं आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरांतून सर्रास असतं. एका कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. खानावळीवर लिहायचं कारण जेवण तर आहेच, पण माणसाचं वागणं पोट ठरवतं की श्रद्धा, हा माझ्या विषयातला सगळ्यात जुना वाद मी पुस्तकापेक्षा इथल्या पंगतीत जास्त शिकले, हेही आहे.

आधी जेवण. ताट एकच, ९० रुपये, भाकरी हवी तितकी. ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, एक उसळ किंवा भरलं वांगं, आमटी, भात, ताक, कच्चा कांदा, मेथीची कोवळी पानं आणि शेंगा चटणी. ही चटणी मिक्सरमधली नाही. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. बोटाने दाबली की गोळा होते आणि बोटाला तेल लागतं. बाजारात पाकिटातून सोलापुरी म्हणून जी कोरडी पूड विकतात, तिचं हिच्याशी काही नातं नाही. मंगळवारी पुंडी पल्या असतो, म्हणजे अंबाडीचा पाला, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या. सोमवारी खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. कडक भाकऱ्या बांधून मिळतात, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं.

भाकरी करणारी बाई पंच्याहत्तरीची आहे. सगळे तिला अव्वा म्हणतात, मीही म्हणते. ती आधणाचं पाणी पिठात ओतते आणि मनगटाच्या जोरावर इतकं रगडते की पीठ परातीला चिकटायचं थांबतं. पीठ शिळं असलं तर तिला पहिल्या मुठीतच कळतं. "विरी गेली याची," म्हणून ते बाजूला सारते, कितीही गर्दी असू दे. मग गोळा पिठावर ठेवून उजव्या हाताने थापायला लागते आणि भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होत जाते. दोन्ही तळव्यांवर उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्याला लावायची. टम्म फुगते. अव्वा एका बाजूने पापुद्रा सोडवते, आत चटणी घालते, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार धरते आणि तुमच्या ताटात ठेवून पुढच्या गोळ्याला हात घालते. हे सगळं होईतो ती कुणाकडे बघत नाही. पण कुणाच्या ताटातली भाकरी संपली, हे तिला बरोबर माहीत असतं.

उणिवाही सांगते. दुपारी दोननंतर आमटी पातळ होते. हात धुवायच्या जागेची पायरी निसरडी आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळून न्या. मांडी घालून बसता येत नसेल तर दोनच बाकडी आहेत आणि ती बहुतेक वेळा भरलेली असतात. रविवारी अर्धा तास थांबावं लागतं.

मला इथे पहिल्यांदा आणलं माझ्या थोरल्या भावाने. त्याला आम्ही अन्ना म्हणतो. चाळीस वर्षं यंत्रमागावर, आणि तितकीच वर्षं लाल बावट्याखाली. कार्ल मार्क्सने १८५९ साली जे लिहिलं, की माणसाचं जगणं त्याच्या जाणिवेने ठरत नाही, उलट समाजातलं जगणंच जाणीव घडवतं, ते अन्नाने वाचलेलं नाही, पण तो ते जगलाय. त्याचं म्हणणं एका ओळीचं. पोट आधी, देव मागून. माणूस काय खातो, कुणाशी सोयरीक करतो, कुठल्या दिवशी उपास धरतो, सगळ्याच्या मुळाशी जमीन, पाऊस, मजुरी. मी वर्गात माक्स वेबर शिकवते. त्याने १९०४-०५मध्ये मांडलं की युरोपातल्या काही प्रोटेस्टंट पंथांच्या श्रद्धेने माणसांच्या कामाची आणि पैशाची रीतच बदलली, आणि भांडवलशाहीला त्यातून बळ मिळालं. वेबरचं सगळं मला पटत नाही. त्याने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता इथल्या धर्मांवर जे निकाल दिले, ते तर नाहीच. पण त्याचा प्रश्न खरा आहे. श्रद्धा ही नुसती पोटाची सावली आहे, की तिला स्वतःचंही बळ आहे?

अन्ना म्हणतो, भाकरीकडेच बघ. बरोबर आहे. हा अवर्षणाचा मुलूख, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा. काळ्या रानात ती ओल धरून राहते आणि थंडीत ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं नाव उगाच नाही. इथे गहू होत नव्हता म्हणून आपण भाकरी खायला लागलो, यात संस्कृती कुठे आली?

पण पुढे बघा. १९८०मध्ये उजनी धरण झालं, जिल्ह्यात ऊस फोफावला, साखर कारखाने उभे राहिले. रेशनवर येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ, आणि जानेवारी २०२३पासून तर तो फुकट. ज्वारी मात्र मध्यंतरी गव्हाच्याही वर गेली. नुसत्या पोटानेच ठरवायचं असतं तर या शहरात भाकरी केव्हाच संपायला हवी होती. रेशनचा गहू विकून ज्वारी घेणारी माणसं माझ्या गल्लीत आहेत. अव्वाच्या नातवंडांना चपाती लागते हे खरं, आणि अजून वीस वर्षांनी काय असेल ते सांगता येत नाही. पण ज्या कारणाने एखादी गोष्ट सुरू झाली ते कारण संपल्यावरही ती टिकते, माणसं तिच्यासाठी पदरचे पैसे घालतात. मला हेच पुनःपुन्हा दिसतं.

या भागात याची तपासणी करणं सोपं आहे. यंत्रमागावर आमचे पद्मशाली आहेत, सावजी आहेत, मोमीन आहेत, लिंगायत आहेत. माग तोच, मजुरी नगावर, गल्ल्याही एकमेकींना लागून. टॉवेलचा भाव पडला की सगळ्यांच्याच चुली मंदावतात. म्हणजे पोटाच्या बाजूने बघितलं तर ही माणसं जवळजवळ सारखी. पण ताटं बघा. सावजीच्या घरचं मटण असं की त्याच्या वासाने माणूस रस्ता सोडतो. त्याच आठवड्याच्या पगारात अव्वाच्या खानावळीत चाळीस वर्षांत अंडंसुद्धा शिजलेलं नाही.

यावर अन्नाचं उत्तर तयार असतं. तो म्हणतो, शाकाहार हा तिचा धंदा आहे. अक्कलकोटला जाणारे, सिद्धरामेश्वराला येणारे, बाजारपेठेतले लिंगायत व्यापारी याच भरवशावर येतात. उद्या अंडं आणलं तर तेही गिऱ्हाईक जाईल. मी म्हणते, मान्य. पण ते गिऱ्हाईक का जाईल? त्याचं पोट तर अंड्यानेही भरतं. एकाची श्रद्धा दुसऱ्याचा धंदा झाली, म्हणजे ती श्रद्धा राहिली नाही असं कसं?

आणि श्रावण. आषाढ संपता संपता मटणाच्या खानावळींपुढे रांगा असतात आणि श्रावण लागला की तीच माणसं अव्वाच्या दारात उभी. महिना बदलला, मजुरी नाही बदलली. बोकडाचा भावही एका रात्रीत दुप्पट झालेला नसतो. अन्ना सांगतो, पावसाळ्यात मांस बाधतं, म्हणून जुन्या लोकांनी ही रीत पाडली. पाडली असेल. पण आज फ्रीज असलेला माणूस श्रावणात मटण टाळतो तो पोट बिघडेल म्हणून नव्हे. त्याला विचारा, तो सांगेल.

याहून मोठा पुरावा गड्ड्याच्या यात्रेत मिळतो. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेले मानकरी आणि भक्त शहरभर दिसतात. अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं येतात. बाराव्या शतकातल्या ज्या शिवशरणाने, म्हणजे सिद्धरामाने, इथे तळं खोदवलं त्याच्या लग्नाचा हा सोहळा, आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या दिवशी शहरात पाय ठेवायला जागा नसते. वर्षातला सगळ्यात मोठा गल्ला त्या दिवशीचा. अव्वाची खानावळ त्या दिवशी बंद असते. पूर्ण बंद. दारावर कुलूप, चूल थंड, आणि अव्वा नऊवारी नेसून कट्ट्याच्या वाटेवर. तिच्या मुलाने एकदा माझ्यासमोर हिशेब मांडला, की त्या एका दिवशी महिन्याचं भाडं निघतं. अव्वाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लग्नाला जायचं सोडून भाकऱ्या विकत बसू?" एवढंच. तिच्या लेखी ते खरोखरचं लग्न आहे. घरातल्या माणसाच्या लग्नाला कुणी दुकान उघडत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती दडवली तर मी खोटं लिहिते असं होईल.

या खानावळीच्या बाहेर एक दगडी कट्टा आहे. आज तिथे चपला असतात. अव्वाच्या सासूच्या काळात काही गिरणी कामगारांना त्या कट्ट्यावर बसवायचे, त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमच्या वेगळ्या ताटल्या होत्या. कोणत्या कामगारांना, ते सांगायला नको. आत भिंतीवर तेव्हाही बसवण्णांची, म्हणजे महात्मा बसवेश्वरांची, तीच तसबीर होती जी आज आहे. ज्या बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणात, चांभार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं आणि त्यापायी रक्त सांडलं, त्यांच्या तसबिरीखाली बसून आतली माणसं जेवायची आणि बाहेरची बाहेर.

हे बदललं केव्हा? मी अव्वाला विचारलं. तिने आडपडदा ठेवला नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी कधीच गेली होती, मग एकेक करत बाकीच्या गेल्या, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली. दोन पंगती उठायच्या तिथे दहा माणसं यायला लागली. "तेव्हा आत घेतलं," अव्वा म्हणाली. "सासूबाई देवाचं नाव घेऊन बाहेर बसवायच्या. मी त्याच देवाचं नाव घेऊन आत बसवलं."

हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगते. धर्म एकच, तसबीर तीच, आणि वागणं दोन टोकांचं. कुठलं वचन आठवायचं आणि कुठलं विसरायचं, हे त्या वेळी गल्ल्याने ठरवलं. इथे अन्ना जिंकतो आणि मी ते मान्य करते. फक्त पुढचंही सांगते. नंतर एमआयडीसीतले कामगार आले, इंजिनिअरिंगची पोरं आली, पंगती पुन्हा भरल्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने सुचवलं की आता पहिल्यासारखं करा, आमच्यासाठी निराळी बसायची सोय ठेवा, जास्त पैसे देतो. अव्वाने त्याला त्याच दिवशी हिशेब चुकता करायला सांगितला. आत घेणं पैशाच्या ओढीने सुरू झालं होतं. ते टिकलं मात्र जास्त पैसे नाकारून.

अन्ना अशा वेळी चार हुतात्म्यांचं उदाहरण काढतो. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. चौघांचे धर्म आणि जाती वेगळ्या, मरण एक. तो म्हणतो, गिरणगावात सगळ्यांना एकच जाच होता, म्हणून ते एक झाले. असेल. पण जाच तर लाखभर माणसांना होता. फासापर्यंत जी माणसं जातात त्यांना भाकरीच्या पलीकडचं काहीतरी दिसत असतं, असं मला वाटतं.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातले माग बंद असतात. नगावर मजुरी घेणाऱ्याचा तो दिवस बुडतो. अन्ना चाळीस वर्षांत एकदाही त्या दिवशी मागावर गेलेला नाही. सकाळी नवं जानवं घालतो आणि दुपारी रथाला हात लावून येतो. विचारलं तर म्हणतो, आपली माणसं असतात तिथे. मी त्याला यावरून कधी बोलले नाही. बोललेच असेन तर एकदाच, याच खानावळीत, आणि ते रथाबद्दल नव्हतं.

आमची आई विड्या वळायची. रोज हजार. पान भिजवायचं, फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड मिटवायचं, दोरा बांधायचा, पंचवीसची जुडी. कारखान्यात तपासणारा छाट म्हणून मूठ मूठ काढून टाकायचा, त्याचे पैसे नाहीत. सुपात तंबाखूची जी धूळ उरायची ती आईच्या पदराला, उशीला, आमच्या वह्यांना. तिच्या खोकल्याचा आवाज मला वर्गात शिकवताना अजूनही ऐकू येतो.

वडिलांची गिरणी बंद झाली त्या वर्षी शहरातल्या एका शाळेत आईला आयाची नोकरी चालून आली होती. कायम पगार, पुढे पेन्शन. विडीच्या दुपटीहून जास्त. आई नाही म्हणाली. लोकांच्या पोरांचं काढायचं, उष्टी उचलायची, हे आपल्या घरातली बाई करत नाही. घरात बसून विड्या वळणं अब्रूचं, बाहेर जाऊन ते काम करणं बेअब्रूचं. पोटाने त्या दिवशी एकच उत्तर दिलं असतं. आईने दुसरं दिलं. आणि अन्ना, तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेज सोडून मागावर गेला.

हे मी त्याला पंगतीत म्हणाले. म्हणाले, तू म्हणतोस पोट ठरवतं, पण तुझं सगळं आयुष्य आईच्या एका नकाराने ठरलं, आणि तो नकार पोटाचा नव्हता. त्याचा हात ताटातच थांबला. बराच वेळाने तो म्हणाला, "तुम्हा तिघी बहिणींची लग्नं व्हायची होती. आई शाळेत झाडू मारते म्हटल्यावर जातीतून कोण आलं असतं? तिने हिशेब केला होता गं." मी म्हणाले, "मग जातीने तो भाव का लावला, अन्ना? झाडूला कमी आणि तंबाखूला जास्त, हा हिशेब कुणी ठरवला?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही पुरतं नाही. म्हणून श्रद्धेला स्वतःचं बळ आहे असं मी म्हणते तेव्हा मी तिची आरती करत नसते. तेच बळ अव्वाला अक्षतेला घेऊन जातं आणि तेच बळ माझ्या आईला सुपापुढून उठू देत नाही.

अव्वा तेव्हा भाकरी घेऊन आली होती. दोघांकडे बघितलं, अन्नाच्या ताटात भाकरी ठेवली, पापुद्रा सोडवला आणि तेल जरा जास्त ओतलं.

जायचं असेल तर दुपारी साडेबाराच्या आत जा, म्हणजे आमटी दाट मिळते. पैसे दाराशी स्टीलच्या डब्यात टाकायचे, सुटे आपले आपण घ्यायचे. गेल्या वर्षीपासून फोनवरूनही देता येतात. ताटात टाकू नका, अव्वाला ते चालत नाही. श्रावणी सोमवारी अकरालाच रांग लागते. आणि गड्ड्याच्या यात्रेला येणार असाल तर अक्षतेचा दिवस सोडून या. त्या दिवशी बोळात आवाज येणार नाही.